बेटावरच्या गावाचा सण: मिशनच्या कामासाठी ठाण्यात नव्यानं आलेल्या कुटुंबांसाठी

ठाण्यात बिऱ्हाड मांडून सहा महिने झाले नाहीत तोच तुम्हाला एक आमंत्रण येईल. मुलांच्या शाळेतली एखादी आई असेल, दवाखान्यातली नर्स असेल, नाहीतर आठवड्यातून दोनदा दारावर टोपली उतरवणारी मासळीवाली मावशी. ती म्हणेल, "आमच्या गावाला सण हाय, पोरांना घेऊन या." तिचं गाव उत्तन, पाली, चौक, डोंगरी या पट्ट्यात कुठंतरी असेल. भाईंदरच्या पश्चिमेला, एका अंगाला खाडी आणि दुसऱ्या अंगाला समुद्र असलेल्या या जमिनीला जुने लोक धारावी बेट म्हणतात. मुंबईतली धारावी वेगळी, ही वेगळी. आता रस्ता थेट गावात जातो, त्यामुळे आपण बेटावर आलो हे कळतही नाही. गावातल्या माणसांच्या बोलण्यात मात्र ते बेटच आहे.

आम्ही मूळचे नगरचे. प्रोटेस्टंट घर, यजमान मिशनच्या कामात, आणि ठाण्यात येऊन आता अकरा वर्षं झाली. दर जूनमध्ये बदलीनं नवी कुटुंबं येतात आणि तीच विचारणा होते. कॅथलिकांच्या सणाला आपण जायचं का? गेलो तर काय न्यायचं? मूर्तीच्या मिरवणुकीत चालायचं की बाजूला उभं राहायचं? मी प्रत्येकीला फोनवर तासभर सांगत बसते. म्हणून एकदा लिहूनच काढलं.

जायचं. नक्की जायचं. पण आमच्यासारखं जायचं नाही.

पहिल्या वर्षी आम्ही पुस्तिकांचा एक खोका, बेकरीतला मोठा केक आणि यजमानांनी रात्री जागून तयार केलेलं छोटंसं भाषण घेऊन गेलो. मिस्सा, म्हणजे त्यांची मुख्य उपासना, सकाळी आठला होती, आम्ही दहाला पोचलो. जेवणात मुलांनी अर्धं ताट टाकलं. दुपारी दोनला, संध्याकाळच्या उपासनेची तयारी आहे असं सांगून आम्ही उठलो. पुढच्या आठवड्यात मावशी दारावर आली, नेहमीसारखी मासळी निवडून दिली, पैसे मोजून घेतले आणि टोपली उचलताना एवढंच म्हणाली, "आलात, पन बसलात नाय."

त्यानंतर आम्ही बसायला शिकलो. खाली जे काही सांगते आहे ते सगळं कसं बसायचं याबद्दलच आहे.

जाण्याआधी एवढं समजून घ्या

"तुमच्या घराण्यानं धर्म कधी बदलला?" हा प्रश्न तोंडातून काढू नका. आपल्यापैकी पुष्कळांच्या घरात ती आठवण तीन-चार पिढ्यांची असते. आमच्या पणजोबांचं नाव मंडळीच्या वहीत कोणत्या पानावर आहे हे मला माहीत आहे. इथली गोष्ट फार जुनी. १५३४ साली गुजरातच्या सुलतान बहादूरशहानं वसई आणि तिच्या अमलाखालचा हा मुलूख पोर्तुगीजांना तहात दिला आणि त्यांच्यामागून धर्मगुरू आले. १७३७ साली मराठ्यांनी ठाणं आणि साष्टी, म्हणजे मुंबईच्या उत्तरेचं मोठं बेट, घेतली, १७३९ साली चिमाजी अप्पांनी वसई जिंकली. १७७४ च्या अखेरीस ठाणं इंग्रजांच्या हाती गेलं. एवढी राज्यं बदलली, पण घराच्या पडवीतला क्रूस कुणी काढला नाही आणि घरातली मराठीही कुणी सोडली नाही. हे लोक कोळी आहेत, शेतकरी आहेत, भंडारी आहेत, आणि कॅथलिक आहेत. यातलं काही काढून दुसरं काही ठेवायचं असा प्रश्न त्यांना कधी पडला नाही.

इथले कॅथलिक स्वतःला "ईस्ट इंडियन" म्हणवतात, ते नाव ऐकून गोंधळ होईल. पश्चिम किनाऱ्यावरची माणसं आणि नाव पूर्वेचं. मुंबईत नोकऱ्यांसाठी गोव्याहून, मंगळूरहून कॅथलिक येऊ लागले, तेव्हा इथल्या मूळच्या लोकांनी आपली ओळख वेगळी राहावी म्हणून १८८७ साली, व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी, हे नाव धरलं. ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीची आठवण त्या नावात आहे.

आणखी एक गोष्ट ठाण्यातल्या मिशनच्या प्रत्येक कुटुंबाला ठाऊक असायला हवी असं मला मनापासून वाटतं. १३२१ साली चार फ्रान्सिस्कन, म्हणजे संत फ्रान्सिसच्या संघातले धर्मबंधू, इथं आले होते. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर, आणि त्यांच्यासोबत दुभाष्याचं काम करणारा तिफ्लिसचा देमेत्रियस. ते उतरले होते ठाण्यातल्या एका नेस्तोरियन, म्हणजे पूर्वेकडच्या जुन्या पंथाच्या, ख्रिस्ती कुटुंबाकडे. म्हणजे पंथ वेगळा, भाषा वेगळी, चालीरीती वेगळ्या, तरी त्या घरानं त्यांना ठेवून घेतलं होतं. त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं, ते काझीपुढे गेलं, साक्षीदार म्हणून या पाहुण्यांचं नाव निघालं आणि तिथून प्रकरण धर्माच्या वादावर गेलं. चौघेही ठाण्यात मारले गेले. पुढे ओदोरिक नावाच्या त्यांच्याच संघातल्या प्रवाशानं त्यांच्या अस्थी पार चीनपर्यंत नेल्या. लोक त्यांच्या मरणाची आठवण काढतात. मला त्या आधीचे दिवस आठवतात. कुणीतरी स्वयंपाकघरात चार पानं जास्त मांडली असतील, आणि ते चौघं बसले असतील.

तारीख आणि वेळ

प्रत्येक चर्च एखाद्या संताच्या किंवा मारियामातेच्या नावाचं असतं आणि त्या नावाचा सण ठरलेला असतो. ठाण्यातल्या तलावपाळीजवळच्या चर्चचं नाव सेंट जॉन द बॅप्टिस्ट, म्हणजे आपला बाप्तिस्मा करणारा योहान, त्याचा जन्मदिवस २४ जून. गोराईचं चर्च तीन राजांच्या नावाचं, त्यांचा दिवस ६ जानेवारी. उत्तनचं चर्च अवर लेडी ऑफ द सी, समुद्राच्या मातेचं. पण दिनदर्शिकेतली तारीख आणि गावात सण होतो तो दिवस एकच असेल असं धरू नका. पुष्कळदा तो जवळच्या रविवारी होतो. ज्यानं बोलावलं त्यालाच विचारा, आणि तीन गोष्टी विचारा: सणाची मोठी मिस्सा किती वाजता, ती मराठीत आहे की इंग्रजीत, आणि मिरवणूक मिस्सेच्या आधी की नंतर.

सणाशिवाय आगेराही असतो, ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी. नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आणून त्यांवर आशीर्वाद मागतात. नगरकडून आलेल्या माणसाला आगेरा लगेच कळतो, कारण आपल्याकडेही पहिल्या पिकाचं अर्पण मंडळीत आणतात. पहिल्यांदाच जात असाल आणि मूर्ती-मिरवणुकीची धास्ती असेल, तर आगेऱ्यापासून सुरुवात करा.

सणाआधी नऊ दिवस नोव्हेना चालते. रोज संध्याकाळी प्रार्थना आणि मिस्सा. त्यातली एक संध्याकाळ जमवाच. गर्दी कमी असते, फादरांशी दोन शब्द बोलता येतात, आणि सणाच्या दिवशी तुम्ही अनोळखी राहत नाही.

आदल्या दिवशीचं काम

माझं ऐकाल तर सण खरा आदल्या दिवशी असतो. दुसऱ्या वर्षापासून आम्ही शनिवारी दुपारीच जायला लागलो आणि तिथून सगळं बदललं.

त्या दिवशी प्रत्येक घरात माणसं कामाला लागलेली असतात. पुरुष पाखाडीत पताका बांधतात, कोपऱ्यावरच्या क्रूसाला चुना देऊन त्याला फुलांच्या माळा घालतात. या भागात फिरताना असे क्रूस जागोजागी दिसतील. १८९६ च्या प्लेगच्या साथीत मुंबई-साष्टीत असे कितीतरी क्रूस उभे राहिले, साथ आपल्या वाडीत शिरू नये म्हणून. क्रूसावर साल कोरलेलं असलं तर मुलांना वाचायला लावा.

बायका फुग्यांच्या मागे असतात. फुगे म्हणजे मैदा, अंडी, नारळाचं दूध, थोडी साखर आणि मीठ यांचं सैलसर पीठ, ते आंबवून तेलात तळलेले गोळे. आंबवायला पूर्वी ताडी घालत, आता बऱ्याच घरांत यीस्ट असतं, पण आज्या अजून ताडीचीच आठवण काढतात. पीठ हातानं फेटायचं असतं, हात भरून येईपर्यंत, आणि मग दुसरीनं पुढे घ्यायचं. तळताना मूठभर पीठ हातात घेऊन अंगठा आणि तर्जनी यांच्यामधून लिंबाएवढा गोळा वर दाबून काढतात आणि तो कढईत सोडतात. तो टुणकन वर येतो, फुगतो, आणि नीट सोडला असेल तर आपला आपणच उलटतो. हे काम पहिल्या वर्षी तुम्हाला कुणी देणार नाही, मागूही नका. तुमचं काम झाऱ्यानं निथळून टोपलीत भरणं. तेवढं करत बसलात की तोंडं मोकळी होतात. कुणाची होडी कुठं गेली आहे, कुणाच्या मुलीचं लग्न ठरलं, कुणाला शुगर निघाली, सगळं त्या कढईभोवती कळतं. तीन वर्षं मी फक्त टोपल्या भरल्या. चौथ्या वर्षी मावशीकडच्या आजीनं मला मूठ कशी धरायची ते दाखवलं. माझा पहिला फुगा शेपटीवाला झाला आणि तो तिनं स्वतः खाल्ला.

डुकराचं मटणही आदल्या दिवशीच शिजतं. इंद्याल आणि सोरपोतेल हे दोन्ही सिरक्यातले प्रकार, एक रात्र मुरले की चव येते. म्हणून तुम्ही किंवा तुमची मुलं डुकराचं मटण खात नसाल तर ते आठवडाभर आधी सांगा. सरळ सांगा. "आमच्याकडे खात नाहीत, आम्हाला कोंबडीची खुडी चालेल" एवढं पुरतं, कुणाला वाईट वाटत नाही. वाईट वाटतं ते ताट समोर आल्यावर मुलानं नाक मुरडलं की. आमच्या घरी तेच घडलं होतं.

मदतीला जाताना घरातलं काहीतरी न्या. मी नगरी शेंगदाण्याची चटणी नेते, खलबत्त्यात कुटलेली. आता तिची वाट पाहतात. केक नेऊ नका, तो त्यांच्याकडे असतो आणि तुमच्यापेक्षा चांगला असतो. पैसे द्यायचे असतील तर चर्चच्या दानपेटीत टाका, घरातल्या माणसाच्या हातात पाकीट ठेवू नका. आणि पुस्तिका घरीच राहू द्या.

पोचायचं कसं

ठाण्याहून घोडबंदर रोडनं काशिमिरा आणि तिथून भाईंदर. भाईंदर स्टेशनच्या पश्चिमेकडून उत्तनची बस मिळते. रेल्वेनं जायचं तर दादरला गाडी बदलून पश्चिम रेल्वेनं भाईंदर. घोडबंदर रोडची वाहतूक तुम्हाला माहीत आहेच, सकाळी आठच्या मिस्सेला जायचं तर सहाच्या आत घर सोडा. परतताना संध्याकाळी बसला झुंबड असते. आमंत्रण देणाऱ्यांकडे रात्रीच्या मुक्कामाची सोय होत असेल आणि त्यांनी आपणहून म्हटलं असेल, तर राहा.

वाटेत बांबूच्या वलांड्यांवर बोंबील वाळत घातलेले दिसतील. वासाबद्दल मुलांना गाडीतच समजावून सांगा. ज्या घरात जेवणार आहोत त्या घराचं वर्षाचं मीठ-मसाला त्यातूनच येतो.

चर्चमध्ये

कपडे साधे, अंग झाकणारे, पण सणाचे. म्हाताऱ्या बायका लुगडं नेसून येतील, लाल चौकड्यांचं, काठपदराचं, अंगावर जुनं सोनं. त्यांच्या शेजारी आपण घरच्या कुर्त्यात गेलो तर ते आपल्यालाच बरं वाटत नाही.

आत शिरताना लोक दाराशी पवित्र पाण्यात बोट बुडवून क्रूसाची खूण करतात, बाकाशी गुडघा टेकतात. तुम्हाला करायचं नसेल तर करू नका, शांतपणे आत जा. मधल्या किंवा मागच्या बाकावर बसा, म्हणजे कधी उठायचं, कधी गुडघे टेकायचे हे पुढच्यांकडे बघून कळतं. मिस्सेची रचना आपल्याला वाटते तितकी परकी नाही. सणाला दोन वाचनं, मध्ये स्तोत्र, मग शुभवर्तमान, प्रवचन, विश्वासाची कबुली, अर्पण. इथवर तुम्ही घरच्यासारखे चालत जाल. सत्तरीच्या पुढच्या माणसांना विचारा, ती सांगतील की त्यांच्या लहानपणी सगळं लॅटिनमध्ये असायचं. १९६२ ते १९६५ या काळात भरलेल्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर मिस्सा लोकांच्या भाषेत आली. त्या आधीही घरातली जपमाळ मात्र मराठीत चालायची, असं मावशीकडच्या आजी सांगतात.

प्रभूच्या प्रार्थनेशी एकदा अडखळाल. शब्द थोडे वेगळे आहेत, आणि "वाइटापासून सोडव" इथं सगळे थांबतात. आपण सवयीनं "कारण की राज्य, सामर्थ्य" असं पुढे चालू ठेवतो आणि भरल्या चर्चमध्ये आपला एकट्याचा आवाज ऐकू येतो. फादर मध्ये एक छोटी प्रार्थना म्हणतात आणि त्यानंतर ते शब्द सगळे मिळून म्हणतात. तेवढं थांबा.

आता कम्युनियन, म्हणजे आपलं प्रभुभोजन. यावर मला नीट सांगायचं आहे, कारण इथंच माणसं दुखावतात.

कॅथलिक चर्चच्या नियमाप्रमाणे कम्युनियन कॅथलिकांनाच दिलं जातं. आपल्या मंडळ्यांत बाप्तिस्मा झालेल्या कोणत्याही ख्रिस्ती पाहुण्याला प्रभुभोजनाला बोलावण्याची रीत पुष्कळ ठिकाणी आहे, म्हणून आपल्याला वाटतं की इथंही तसंच असेल. रांगेत जाऊन हात पुढे करू नका. फादरांना तुम्ही कोण ते माहीत नसेल तर ते देतील, आणि ज्यांना माहीत आहे ती बाकावरची माणसं अस्वस्थ होतील. माहीत असेल तर त्यांना शेकडो लोकांसमोर तुम्हाला नाही म्हणावं लागेल. दोन्ही गोष्टी तुम्हाला बोलावणाऱ्या घराच्या माथी येतात. जागेवर बसून राहा, प्रार्थना करा. काही ठिकाणी छातीवर दोन्ही हात फुली करून रांगेत गेलं तर फादर नुसता आशीर्वाद देतात. तसं चालतं का ते नोव्हेनाच्या संध्याकाळी विचारून ठेवा.

त्या वेळी बसून राहणं जड जातं. सगळं बाक उठून जातं आणि आपणच मागे उरतो. आमच्या मोठ्या मुलानं सातव्या वर्षी विचारलं, "आपल्याला का नाही?" मी त्याला म्हटलं, चर्च एक व्हायला हवं होतं, ते झालं नाही, त्याचं दुःख असं असतं. तो गप्प बसला. रांगेतून परत येताना मावशीनं त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि त्याच्या शेजारी गुडघे टेकले. हे उत्तर मुलांना द्या. "ते चुकीचं करतात" असं उत्तर देऊ नका, ते खरं नाही आणि मूल ते वर्षभर लक्षात ठेवतं.

मिरवणूक

बँड पुढे, त्यामागे मुलं, मग खांद्यावर मारियामातेची किंवा संताची मूर्ती, मागे सारं गाव जपमाळ म्हणत. मूर्तीला हात लावणं, फुलं वाहणं, मेणबत्ती लावणं तुमच्या मनाला पटत नसेल तर करू नका. कुणी जबरदस्ती करत नाही, अकरा वर्षांत एकदाही नाही. पण घरी बसून राहू नका, आणि गच्चीवरून बघतही उभं राहू नका. शेवटच्या रांगेत चाला. म्हाताऱ्या माणसांच्या डोक्यावर छत्री धरा, पाण्याच्या बाटल्या न्या, कुणाचं दमलेलं पोर कडेवर घ्या.

"नमो मारिया" ऐकून दचकणाऱ्यांसाठी एवढंच की त्या प्रार्थनेचा पहिला भाग लूकच्या पहिल्या अध्यायातला आहे. गब्रिएल दूताचं अभिवादन आणि अलीशिबेचे शब्द. तेवढे तर आपल्याही शुभवर्तमानात आहेत. दुसरा भाग तुम्ही म्हणू नका हवं तर. गप्प राहून चालणारी माणसं मिरवणुकीत कितीतरी असतात.

मिरवणूक समुद्राच्या बाजूला वळली की बोलणं आपोआप कमी होतं. किनाऱ्यावर होड्या उभ्या असतात, रंगवलेल्या, प्रत्येकीवर क्रूस किंवा संताचं नाव. फादर समुद्राकडे तोंड करून प्रार्थना करतात. मागे पाहा, बायकांचे ओठ हलताना दिसतील. त्या कुणाची तरी नावं घेत असतात.

ताटावर

घरात शिरताच मुलांना वडीलधाऱ्यांकडे पाठवा. इथली पोरं हात जोडून "बेसांव" मागतात, म्हणजे आशीर्वाद. पोर्तुगीज शब्द मराठी तोंडात मुरलेला. आमची मुलं ते पहिल्या दिवशीच शिकली आणि आजीच्या चेहऱ्यावरचं हसू बघून घरीही मागायला लागली.

तुम्ही मिशनचे, म्हणून जेवणाआधी प्रार्थना करायला तुम्हालाच सांगतील. दोन मिनिटांच्या आत संपवा. घराचे आभार, हातांचे आभार, होड्यांवरच्या माणसांसाठी मागणं. आधी हळूच विचारून ठेवा की घरातलं कुणी समुद्रावर गेलेलं परत आलेलं नाही ना. असेल तर त्याचं नाव घ्या. आमच्या मावशीच्या घरात भिंतीवर एका तरुण मुलाचा फोटो आहे, त्याखाली लहान दिवा. पहिल्या वर्षी यजमानांनी लांबलचक प्रार्थना केली आणि त्यात त्याचं नाव नव्हतं, कारण आम्ही विचारलंच नव्हतं.

जेवताना घाई करू नका. फुगे इंद्यालच्या रशात बुडवून खातात, चमचा शोधू नका. पुरुषांना खिमाड, म्हणजे मसाला घातलेली दारू, किंवा घरची वाइन पुढे करतील. घेत नसाल तर "मी घेत नाही, मला सरबत द्या" म्हणा आणि पेला हातात धरून त्यांच्यातच बसा. नकार दिला म्हणून तोंड वाकडं करणारं कुणी भेटलं नाही मला. मद्यपानावर दोन शब्द बोलण्याची ती वेळ नाही. ज्याला त्या व्यसनातून सुटायचं असतं तो तुम्हाला नंतर, एखाद्या साध्या मंगळवारी शोधत येतो. आला आहे, म्हणून सांगते.

एका घरी जेवलात की शेजारच्या घरी, मग पलीकडच्या घरी बोलावतील. पहिल्या घरी पोटात जागा ठेवूनच जेवा. प्रत्येक घरी किमान एक फुगा आणि अर्धा तास, असं आम्ही मोजूनच ठेवलं आहे. संध्याकाळपर्यंत थांबा. चर्चच्या आवारात जत्रा असते, खाजं, चणे, खेळणी, मेणबत्त्या. मेणाचे हात, पाय, लहान बाळं विकायला ठेवलेली दिसतील. कुणी आजारी असेल तर त्याच्या दुखऱ्या अवयवासारखं मेण वाहतात. मुलं विचारतील. ज्या बाईनं मेणाचं बाळ घेतलंय तिला काय हवं असेल, एवढंच त्यांना विचारा.

आणि फोटो. मिशनच्या कामात दर महिन्याला अहवाल पाठवावा लागतो, त्यात फोटो लागतात, हे मला माहीत आहे. या सणाचे फोटो त्या अहवालात घालू नका. तुम्हाला जेवायला बोलावलेलं घर म्हणजे तुमचं "कार्यक्षेत्र" नव्हे. त्यांच्या अंगणात चारशे-साडेचारशे वर्षं येशूचं नाव घेतलं जातं आहे. घरच्यांबरोबर एक फोटो काढा, छापून फ्रेम करा, आणि त्यांना नेऊन द्या.

नंतर

सणाला बोलावलं आणि वर्षभर तोंड दाखवलं नाही, असं करू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात, पुरुष घरी सापडतात. जाळी विणत बसलेल्या माणसाशेजारी बसायला तो काळ सगळ्यांत चांगला. २ नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, गाव दफनभूमीत जातं, कबरींवर मेणबत्त्या लावतं. त्या दिवशी गेलात तर मावशी तुम्हाला कुणाची कबर कुठं आहे ते दाखवेल. आम्ही त्या फोटोतल्या मुलाच्या कबरीशी पहिल्यांदा उभे राहिलो तेव्हा यजमानांनी त्याच्या नावानं प्रार्थना केली, हळू आवाजात, तीन वाक्यांत.

त्यांना आपल्याकडेही बोलवा. नाताळात नाही, तेव्हा त्यांची स्वतःची गडबड असते. आपल्या मंडळीच्या कापणीच्या सणाला बोलवा, घरी जेवायला ठेवून घ्या, आणि जे रोज खातो तेच वाढा. आमच्या मावशीला बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी लागते. ती पोटभर जेवते आणि मग पाय पसरून बसते.

निघताना तुमच्या पिशवीत सुकट पडेल, फुगे पडतील, आणि वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक गडद तपकिरी बाटली पडेल. ती बिअरची असेल, पण आत बॉटल मसाला. उन्हाळ्यात मिरच्या आणि वीस-पंचवीस जिन्नस वाळवून, भाजून, उंच मुसळांनी कुटून तो करतात आणि अशाच बाटल्यांत दाबून भरतात, गडद काचेत त्याचा रंग आणि वास टिकतो. वर्षभराचा हिशोब करून भरलेल्या बाटल्यांतली एक तुम्हाला मिळालेली असते. मसाला संपला की बाटली फेकू नका. स्वच्छ धुवा, तोंड खाली करून दोन दिवस उन्हात ठेवा, आत पाण्याचा थेंब राहता कामा नये. आणि एप्रिल उजाडायच्या आत, पुढच्या मिरच्या वाळत पडायच्या आधी, ती मावशीच्या हातात नेऊन द्या. ती बाटली उजेडाकडे धरून आत बघेल, आणि मग म्हणेल, "बस गो बाय."